अकरा-अची चार वाजताची फेरी

चार वाजायला पाच मिनिटं होती आणि वृद्धनिवासाच्या दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. चाकाच्या खुर्च्या पुढे, काठीवाले मधे, आणि ज्यांना गुडघ्यांचं दुखणं अजून नुसतं ऐकून माहीत होतं असे नर्सा, आचारी आणि धुलाईवाले मागे भिंतीला टेकून. सगळ्यांचे डोळे समोरच्या मोठ्या पडद्यावर. पडद्यावर इमारतीचा नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. इथल्या प्रत्येकाच्या मनगटावर बटणाएवढा टॅग होता. कोण वाट चुकलं, कोण न्हाणीघरात फार वेळ राहिलं, हे त्या टॅगमुळे कळायचं. आता सगळे एकाच खोलीत जमल्यामुळे नकाशावर नुसता हिरवा गोळा दिसत होता.

"आली का?" बहिऱ्या काकूंनी साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारलं.

"अजून दोन मिनिटं," गणिताचे मास्तर म्हणाले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची सवय सुटली नव्हती. "ती काय तुमच्यासारखी आहे, जेवणाआधी अर्धा तास ताट घेऊन बसायला?"

"काय म्हणाले?"

"काही नाही. बघा समोर."

चार वाजले. नकाशावर अकरा नंबरच्या रिकाम्या खोलीत एक ठिपका उगवला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अकरा-अ.

अकरा-अ जाऊन त्या दिवशी बावीस दिवस झाले होते.

ठिपका दारापाशी आला. बाहेर पडून डाव्या भिंतीच्या कडेकडेनं निघाला. घाई नाही, गडबड नाही, दळण आणायला निघालेल्या बाईसारखा आपला आपल्या नादात. चादरींच्या कपाटावरून पुढे गेला आणि कॉरिडॉरच्या मधोमध, जिथे ना खिडकी, ना खुर्ची, ना दार, तिथे थांबला.

आणि मग तो आवाज आला, दुधावरच्या सायीसारखा.

"थांबली," लहरीमहाराज म्हणाले. "का थांबली? सांगा. इथे काय आहे? काही नाही! आणि जिथे काही नाही, तिथेच सगळं आहे."

हे महाराज पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. आता माणसं शुद्ध करत. आठवड्यातून एकदा मनःशांतीवर बोलायला यायचे. ठिपका दिसल्यापासून रोज येऊ लागले. नर्सच्या टेबलावरचा पडदा त्यांनीच दिवाणखान्यात आणवला. व्यायामाची उन्हाची खोली आता त्यांची ध्यानाची खोली झाली होती, आणि लकवा झालेली माणसं हातपाय हलवायचे धडे जिन्याखाली घेत होती.

"विश्व म्हणजे लहर. माणूस म्हणजे लहर. लहर कधी मरते का हो? भिंतीवरचे हे डबे कुणी बसवले? कंपनीनं. पण त्यांना जागवलं कुणी?" त्यांनी आपला तळवा वर केला. सव्वीसही डब्यांवर हा तळवा फिरवून त्यांनी यंत्रशुद्धी केली होती. "तिची लहर आता या डब्यांतून बोलते. ती थांबून कुणाला तरी हाक मारते आहे."

पहिल्या रांगेत खुर्चीवर नाना बसले होते. अकरा-ब. त्यांनी हात उचलला आणि पडद्याच्या दिशेनं हवेतच धरला.

सर्वांत मागे, चादरींच्या ढिगाला टेकून त्यांची मुलगी उभी होती.

या इमारतीत तिला सगळे शिडीबाई म्हणत. भिंतींवरचे डबे, म्हणजे टॅगचा आवाज टिपणारे रिसीव्हर, तिनंच बसवले होते. आवाज म्हणजे कानांना न ऐकू येणारा, जवळच्याजवळ पोचणारा बिनतारी संदेश. टॅग दर सेकंदाला म्हणतो, मी इथे आहे. ज्या डब्याला ते सगळ्यांत मोठ्यानं ऐकू येतं, त्याच्याजवळ नकाशा ठिपका काढतो. आईवडील जिथे राहत तिथलंच काम मिळालं म्हणून ती खूश होती. दोन डबे बसवायचे राहिले असताना आई गेली. काम तसंच टाकून ती घरी जाऊन बसली होती, ती आज डॉक्टरांच्या फोनवरून आली.

तिनं ठिपका पाहिला आणि तिचं शिकलेलं डोकं गप्प बसलं. ती आईचीच चाल होती. डावी भिंत धरून, दर तिसऱ्या पावलाला किंचित अडखळून. चालताना आई स्वतःशीच काहीबाही जुळवून गुणगुणायची,

एक पाऊल माझं गं, एक पाऊल भिंतीचं
तिसऱ्या पावलाला ओझं लेकीच्या चिंतेचं

आणि शिडीबाईनं, जिनं आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता, मनातल्या मनात म्हटलं, आई, अजून थोडी चाल.

ठिपका मोठ्या खिडकीपर्यंत गेला, परतला, खोलीत शिरून विझला.

*

"शुक्रवारी जायचंय, नाना."

"कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे."

नाना पलंगावर बसून आईचा टॉवेल घडी करत होते. उलगडायचे, पुन्हा घडी करायचे. त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौतीसवर आले होते. दोनदा न्हाणीघरात पडले होते. छातीत पेसमेकर बसवायला हवा, नाहीतर तिसऱ्यांदा पडतील ते उठणार नाहीत, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. दोन तारखा नानांनी हुकवल्या होत्या.

"छातीत यंत्र बसवलं की माझी लहर बांधली जाईल. मग ती हाक मारेल आणि मला ऐकू येणार नाही."

"हे महाराज म्हणाले?"

"त्यांना सगळं कळतं. माझे ठोके चौतीस आहेत हे त्यांनी न सांगता ओळखलं. मास्तरांची साखर ओळखली."

"नाना, आई नाही आलेली."

"मग कोण आलंय?"

ती पलंगाच्या कडेवर टेकली.

"बघ," नाना म्हणाले. तक्रार नव्हती, उलट लाड होते आवाजात. "अगं, तूच ना ते डबे बसवलेस? तुझ्याच हातून आली ती परत. आणि तूच नाही म्हणतेस, वेडाबाई."

ती उठली, कारण आणखी एक मिनिट बसली असती तर तिनंही तो टॉवेल हातात घेतला असता.

*

मेट्रननं खण उघडून आईचा टॅग टेबलावर ठेवला. बॅटरी काढलेली, आत दोन चकचकीत पत्र्या आणि थोडी धूळ. "त्याच दिवशी काढली मी. तेव्हापासून हा इथेच आहे. आता तूच सांग, मी देवभोळी म्हणून नाही विचारत, पण चालतं कोण?"

संध्याकाळचं ऊन टेबलावर तिरपं पडलं होतं. शिडीबाईनं आपला पासवर्ड घातला. तो तिच्याखेरीज कुणाकडेच नव्हता. दिवसांची यादी उघडली. काल: नऊ मिनिटं अकरा सेकंद. परवा: नऊ मिनिटं अकरा सेकंद. त्याच्या आधी, त्याच्याही आधी, नऊ अकरा, नऊ अकरा. मधला थांबा रोज एक मिनिट चाळीस सेकंद. जिवंत माणूस रोज सारखं चालत नाही. कधी चप्पल सरकते, कधी कुणी भेटतं, कधी कंबर धरते.

एक मिनिट चाळीस सेकंद.

मग तिला आठवलं आणि तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले.

एखाद्या भागातले डबे बसवून झाले की त्या जागेची ओळख यंत्राला करून द्यावी लागते. कुणीतरी टॅग घालून सगळीकडे फिरायचं आणि यंत्रानं ती फेरी नोंदवायची. पहिल्यांदा ती स्वतः फिरली, तर ठिपका बेडकासारख्या उड्या मारायला लागला. तिची चाल फार भरभर. इथली माणसं कशी चालतात? मुंगीच्या पायांनी. तेव्हा मोजणी त्याच चालीवर व्हायला हवी. आई रोज चारला फेरी मारायचीच. तिच्याच टॅगवर, त्या गुरुवारी, मुलीनं आईची फेरी नोंदवून घेतली. आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे यंत्राला सांगून ठेवलं: काम ताब्यात देईपर्यंत ही फेरी रोज चारला पुन्हा चालवून दाखव, म्हणजे नकाशा बरोबर आहे का कळेल. शुक्रवारी आणि शनिवारी कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण चारला आई स्वतःच चालत होती. रविवारी आई गेली. काम ताब्यात द्यायचं राहिलं. यंत्र बिचारं सांगितलेलं ऐकत राहिलं.

आणि तो थांबा? कॉरिडॉरच्या मधोमध शिडी होती. ती वर चढून एका सैल डब्याचा स्क्रू आवळत होती. आई आली आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"आई, तू चालत राहा ना. शिडी कशाला धरतेस?"

"तू वर आहेस म्हणून."

"पंधरा वर्षं चढतेय मी शिडीवर."

"पंधरा वर्षं मी नव्हते ना खाली. आता आहे. कर तुझं काम."

एक मिनिट चाळीस सेकंद. स्क्रू कडक होता.

*

"गुपचूप बंद करून टाक ना," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवसभर उभ्या होत्या, आता टेबलाच्या कडेवर टेकल्या होत्या. "एक कळ दाबली की संपलं."

"मग महाराज काय म्हणतील माहीत आहे? नानांच्या मनात शंका आली म्हणून ती रुसली. नाना आधीच अर्धे गेलेत, ते स्वतःला दोष देत उरलेले जातील. बंद नाही करायचं. आधी उघडं करायचं."

"आणि तुला जमेल?"

"नाही जमणार," ती म्हणाली. "पण चूक माझी आहे. माझ्यामुळे एक माणूस उपचार नाकारतोय. दुसरं कोण करणार?"

जाता जाता तिनं आणखी एक नोंद उघडून पाहिली. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला फाटकावर टॅग मिळतो. महाराजांनाही मिळायचा, आणि तो ते भक्तिभावानं मनगटावर मिरवायचे.

*

दुसऱ्या दिवशी साडेतीनला दिवाणखाना पुन्हा भरला. आज शिडीबाई शिडी घेऊन आली. डॉक्टरांनी प्रत्येक कॉरिडॉरमध्ये एकेक नर्स उभी केली होती, कारण आता तासभर यंत्राचे कान बंद राहणार होते. तिनं एकेक डबा उतरवला, वायर काढली आणि धुलाईच्या टोपलीत टाकला. एकेका डब्याबरोबर नकाशावरचे ठिपके विझत गेले. मास्तर विझले. काकू विझल्या. नाना विझले.

"अगं, मी दिसत नाहीये!" काकू ओरडल्या.

"आम्हाला दिसताय. आणि ऐकूही येताय," मास्तर म्हणाले.

सव्वीस डब्यांची टोपली तिनं सगळ्यांसमोर मधोमध ठेवली. पडदा कोरा. नकाशा म्हणजे नुसत्या भिंती.

"मास्तर, घड्याळ लावा," ती म्हणाली. "मधला थांबा मोजायचा."

चार वाजले. जिवंत माणसांनी भरलेल्या त्या घराच्या नकाशावर एकही जिवंत माणूस नव्हतं, आणि अकरा-अ दारातून बाहेर पडून डाव्या भिंतीच्या कडेनं चालू लागली.

कुणीतरी हुंदका दिला. एका आचाऱ्यानं हात जोडले.

"पाहिलंत!" महाराज उठून उभेच राहिले. "कान काढले तरी आवाज! याहून मोठा साक्षात्कार कोणता?"

"पण महाराज," ती म्हणाली, "कालपर्यंत ती या डब्यांतून बोलत होती. तुम्ही डबे शुद्ध केलेत. आज डबे टोपलीत आहेत."

"कालचं स्थूल होतं, ताई. आज सूक्ष्म."

"एका रात्रीत बढती झाली वाटतं," मास्तर पुटपुटले. मग घड्याळावरून नजर न काढता म्हणाले, "एक मिनिट चाळीस. काल मी मनातल्या मनात मोजलं होतं, कालही शंभरच आकडे झाले होते."

"रोज तेवढंच आहे मास्तर. गेले पंचवीस-सव्वीस दिवस. सेकंदाचाही फरक नाही." ठिपका खोलीत जाऊन विझेपर्यंत ती थांबली. मग तिनं कळफलकावर काहीतरी टाइप केलं. "आता आणखी एकाची लहर बघू."

पडद्यावर फाटकापाशी एक नवा ठिपका उगवला. खाली लिहिलं होतं: पाहुणा-तीन.

"हा टॅग कुणाचा?"

सगळ्यांनी महाराजांच्या मनगटाकडे पाहिलं. महाराज तिथेच, खुर्चीपुढे उभे होते. आणि महाराज पडद्यावर फाटकातून आत येत होते.

पाहुणा-तीन स्वयंपाकघराच्या कोठीत गेला. थांबला.

"इथे काय आहे महाराज?" काकूंनी निरागसपणे विचारलं. "जिथे काही नाही तिथे सगळं?"

"इथे बिस्किटांचे डबे आहेत," आचारी म्हणाला. "आता कळलं."

हशा पिकला. पण ठिपका पुढे निघाला आणि हशा हळूहळू ओसरला. पाहुणा-तीन नर्सच्या रिकाम्या टेबलापाशी जाऊन थांबला. तिथे डॉक्टरांची वही उघडी असते. सात मिनिटं.

"साखर," मास्तर सावकाश म्हणाले. "माझी साखर त्या वहीत असते."

"आणि चौतीस," डॉक्टर म्हणाल्या.

"ही कालची नोंद आहे," शिडीबाई म्हणाली. "यंत्रानं ठेवलेली. मी फक्त पुन्हा चालवली. महाराज इथे आहेत आणि तिथेही आहेत, म्हणून ते काही वारलेले नाहीत. आईचंही तसंच. तिची एक फेरी मी नोंदवली होती, गुरुवारी, डब्यांची मोजणी करायला. रोज चारला पुन्हा चालवायला मीच सांगून ठेवलं होतं, आणि बंद करायला विसरले. तुम्ही जे बघता ते यंत्राचं ऐकणं नाही. आठवण आहे. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही आठवतं."

महाराज काहीतरी श्रद्धा, अहंकार असं बोलत दाराकडे निघाले. मेट्रन आडवी झाली. "आधी टॅग. आणि व्यायामाच्या खोलीची किल्ली."

*

लोक पांगले. कुणी शिडीबाईच्या खांद्यावर हात ठेवून गेलं, कुणी नजर चुकवून. गोड स्वप्नातून उठवणाऱ्यावर माणूस थोडा रागावतोच.

नाना खुर्चीतून हलले नव्हते.

"मग ती तिथे का थांबायची?" त्यांनी विचारलं. बायकोच्या वागण्याचा अर्थ लागत नाही तेव्हा नवरा विचारतो तसं.

ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "मी शिडीवर होते. तिनं माझी शिडी धरली होती."

"मला हाक नव्हती मारत?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा तिला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती.

"नाही, नाना."

नानांनी मान डोलावली. एकदा, दोनदा, हिशेब पटल्यासारखी. आणि मग तेवीस दिवसांत जे रडले नव्हते ते त्या दिवशी रडले, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. तिनं त्यांचे गुडघे धरले. तिलाही कुणीतरी धरायला हवं होतं, पण ते माणूस गेलं होतं.

"तू बरं नाही केलंस," ते डोळे पुसत म्हणाले.

"हो, नाना."

"रोज नऊ मिनिटं होती मला."

"मलाही हवीच होती ती. काल मीसुद्धा म्हटलं, अजून थोडी चाल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांत भिंतीचा चुना होता. तो त्यांनी हळूच झटकला. "बंद कशी करतात ती?"

तिनं कळफलक त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावरचा प्रश्न दोनदा वाचला: चाचणी फेरी कायमची थांबवायची? मग स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं.

दुःखी माणसाला फसवायला फार हुशारी लागत नाही. त्याला जे हवं असतं ते फक्त समोर धरायचं, एवढंच. म्हणून जेव्हा कुणी तुम्हाला तुमचं गेलेलं माणूस परत देऊ करेल, तेव्हा रडता रडता का होईना, चार गोष्टी विचारा. रोज सारखंच कसं? याला हे कुणी सांगितलं? आधार काढून घेतला तरी होतं का? आणि सगळ्यांत आधी हे विचारा, की याचं ऐकून मी कोणतं औषध बंद करतोय. विचारल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. त्यांनी आपल्यावर माया केली ती आपण जगावं म्हणून, एका ठिपक्यापुढे बसून मरावं म्हणून नव्हे.

शुक्रवारी सकाळी रुग्णालयाच्या खिडकीपाशी नाना उभे होते. आतली बाई मान वर न करता अर्ज भरत होती. वय विचारलं, पत्ता विचारला, टॅग-बिग, दागिने काढून ठेवा म्हणाली.

"सोबत कोण? पत्नी?"

शिडीबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नानांनी हातानं तिला थांबवलं.

"पत्नी वारली," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढेच म्हटलं नव्हतं. "सव्वीस दिवस झाले. सोबत मुलगी आहे. लिहा."